सहलीच्या आधीचा मंगळवार

पहाटे ५.१५

आज पाण्याचा दिवस. पिंपरी-चिंचवडमध्ये एक दिवसाआड पाणी येतं, त्यामुळे लवकर निघायचं असलं की आधी पिंप भरायचं आणि मग पिशवी. पिशवीत पाच मीटरची मोजपट्टी, वही, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ची प्रत आणि बिस्किटांचा पुडा. कंपनीची बस भोसरीत सहाला येते. ती चुकली तर नाशिक हायवेवर मोशीपासून चाकणपर्यंत ट्रकच्या मागे उभं राहण्यात सकाळ जाते.

मी चाकण एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात कल्याण अधिकारी आहे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४९ प्रमाणे पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असले की हे पद नेमावंच लागायचं. कँटीनच्या भाजीपासून ईएसआयच्या कागदांपर्यंत सगळं माझ्या टेबलावर येतं. जानेवारीतली कौटुंबिक सहलही.

सकाळी ७.००

पहिली शिफ्ट सुरू झाली. प्रेस शॉप माझ्या खोलीपासून दोन भिंती सोडून आहे, तरी प्रत्येक स्ट्रोकला कपातला चहा हलतो.

सहलीची यादी समोर आहे. यंदा ४६० नावं आली. अर्जात मी एक रकाना वाढवला होता: सहलीला येणाऱ्यांपैकी कोणाला काही वेगळी सोय लागेल का? पहिल्या आठवड्यात तो रकाना सगळ्यांनी कोरा सोडला. मग मी लाइनवर जाऊन एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. तेव्हा कुठे सात नावं निघाली. व्हीलचेअर वापरणारी नऊ वर्षांची मुलगी, तिला सेरेब्रल पाल्सी आहे. अकरा वर्षांचा मुलगा, ऑटिझम असलेला, गर्दी आणि मोठा आवाज सहन न होणारा. एका ऑपरेटरची आई, दृष्टी फार अधू. एक कर्णबधिर जोडपं. पेंट शॉपमधला पोलिओ झालेला एक जण, कॅलिपर लावून चालतो. आणि आमच्या क्यूसीतले, म्हणजे गुणवत्ता तपासणीतले दादा, उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी, मधली तीन बोटं नाहीत.

लोक रकाना कोरा का सोडतात, याचं कारण मागच्या वर्षीच्या सहलीत आहे.

मागच्या वर्षी आम्ही ज्या उद्यानात गेलो, तिथे त्या मुलीचं तिकीट पूर्ण घेतलं. आत गेल्यावर पहिल्या राइडपाशी ऑपरेटरने हात आडवा केला. दुसऱ्या राइडलाही तसंच. तिसऱ्या ठिकाणी तिचा बाप तिला कडेवर घेऊन पायऱ्या चढला आणि तसाच उतरला. त्यानंतर ती आईबरोबर दिवसभर एका झाडाखाली बसली. तिचा धाकटा भाऊ प्रत्येक राइडनंतर धावत यायचा, काय काय झालं ते हातवारे करून सांगायचा, आणि ती टाळ्या वाजवायची. परतताना बसमध्ये बाप मला म्हणाला, "राहू द्या मॅडम, पोरगी खूश आहे." तो आमच्याकडे फोर्कलिफ्ट चालवतो. त्या सहलीच्या बिलावर सही माझी होती. आधी जाऊन बघायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नव्हतं.

म्हणून यंदा बुकिंगच्या आधी पाहणी.

सकाळी ८.३०

प्रथमोपचार खोलीतली व्हीलचेअर जीपच्या मागे टाकली. बरोबर क्यूसीचे दादा. मी फक्त "मोजायला कोणीतरी द्या" एवढंच मागितलं होतं, ते स्वतःहून आले. त्यांनी मेट्रोलॉजी रूममधून डिजिटल अँगल गेज सही करून घेतलं आणि कॅलिब्रेशनचं स्टिकर मला दाखवलं. मुदत संपलेल्या गेजने घेतलेलं माप आमच्याकडे माप धरत नाहीत.

चाकण-तळेगाव रस्ता, मग उर्से टोलनाका, मग एक्स्प्रेस-वे. या पट्ट्यातून दीड-दोन तासांत बस पोचेल अशी तीन-चार उद्यानं आहेत, त्यातल्या एकाकडे आम्ही निघालो. त्याचं नाव इथे लिहीत नाही. आमची बोलणी अजून चालू आहेत, आणि दुसरीकडे गेले असते तर मोजपट्टीवर फार वेगळं काही दिसलं असतं असंही मला वाटत नाही.

गाडीत दादांनी कायद्याची प्रत मागून घेतली आणि व्याख्यांचं कलम २ वाचायला सुरुवात केली. सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत सरकारी आणि खासगी दोन्ही इमारती येतात, आणि शाळा, दवाखाने, कामाच्या जागा यांच्याबरोबर विरंगुळा आणि मनोरंजनाच्या जागाही स्पष्ट लिहिलेल्या आहेत. "म्हणजे 'आमची खासगी जागा आहे' असं म्हणता येत नाही," दादा म्हणाले. नाहीच येत. कायदा १९ एप्रिल २०१७ ला लागू झाला, नियम १५ जून २०१७ ला आले. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करायला कलम ४५ ने नियमांपासून पाच वर्षं दिली होती. ती जून २०२२ मध्ये संपली. नव्या बांधकामाला तर कलम ४४ प्रमाणे नकाशात ही सोय नसेल तर परवानगीच देता येत नाही, पूर्णत्वाचा दाखलाही नाही.

सकाळी १०.४०

वाहनतळ. दिव्यांगांसाठी जागा राखलेली आहे, निळ्या पाटीसकट. तिच्यात उद्यानाची स्वतःची दोन मालवाहू वाहनं उभी होती.

तिकिटाची खिडकी जमिनीपासून ११५० मिलिमीटरवर. व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाला आतला माणूस दिसत नाही, आतल्याला तो दिसत नाही. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे काउंटरचा काही भाग ७५० ते ८०० मिलिमीटरवर हवा, खाली गुडघे जायला मोकळी जागा ठेवून.

मग मुख्य इमारतीचा रॅम्प. रॅम्प आहे, हे आधीच सांगते, कारण मॅनेजरांनी फोनवर तीन वेळा सांगितलं होतं, "आमच्याकडे रॅम्प आहे." दादांनी गुडघ्यावर बसून अँगल गेज ठेवलं. ९.७ अंश. मी पट्टी लावली: चौथरा ६०० मिलिमीटर उंच, रॅम्पची लांबी साडेतीन मीटर. म्हणजे साधारण एकास सहा. नियम एकास बाराचा आहे, कोन पावणेपाच अंशांच्या आसपास. एवढ्याच चौथऱ्याला सात मीटर वीस सेंटिमीटर रॅम्प लागतो. जो आहे तो सामानाच्या ट्रॉलीसाठी ओतला असणार.

मी व्हीलचेअरमध्ये बसले आणि स्वतःच्या हातांनी चढायचा प्रयत्न केला. अर्ध्यावर पुढची चाकं उचलली गेली. दादांनी मागून पाठीने अडवलं नसतं तर मी डोक्यावर पडले असते. माझं वजन ६२ किलो, दोन्ही हात धड आहेत. नऊ वर्षांच्या मुलीचं काय झालं असतं, ते मी तिथे बसल्या बसल्या वहीत लिहिलं, म्हणजे मॅनेजरांसमोर शब्द सापडतील.

सकाळी ११.३०

स्वच्छतागृह. दिव्यांगांसाठी वेगळं आहे, दार बाहेर उघडतं, रुंदी ९०० मिलिमीटर भरते, आत आडवे धरायचे दांडेही आहेत. ज्याने कोणी बांधलं त्याने मापं बघून बांधलं होतं, आणि मला बरं वाटलं. मात्र दाराला कुलूप. किल्ली सुपरवायझरकडे, सुपरवायझर जेवायला. उघडल्यावर आत चार बादल्या, दोन मॉप, फिनेलचे कॅन. व्हीलचेअर वळायला दीड मीटरचं वर्तुळ लागतं, त्या वर्तुळात बादल्या.

सफाई करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, कोणी येतच नाही यात, म्हणून ठेवतो." मी म्हटलं, मावशी, कुलूप असल्यावर कोण येणार? त्यांनी लगेच बादल्या उचलल्या. त्यांना ठेवायला दुसरी जागा कोणी दिलेलीच नव्हती.

दुपारी १२.१०

राइडच्या रांगा. लोखंडी कठड्यांमधून नागमोडी जाणारी वाट. दादांनी रिकामी व्हीलचेअर पुढे घेतली आणि म्हणाले, "हे आपलं गो, नो-गो गेज."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. भोक बरोबर पडलंय का हे बघायला लाइनवर दर वेळी माप घेत बसत नाहीत. दोन टोकांचं एक गेज असतं: एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. त्यात वादाला जागा नसते. गेलं की पास, अडलं की लाल पेटीत.

पहिल्या रांगेत खुर्ची सरळ भागातून गेली आणि पहिल्याच वळणावर अडकली. दुसऱ्या रांगेत तोंडालाच कठडा ७०० मिलिमीटरचा, खुर्चीची चाकं घासली. तिसऱ्या ठिकाणी रांगेच्या शेवटी चार पायऱ्या. एकूण अकरा राइड बघितल्या. खुर्ची राइडच्या फलाटापर्यंत पोचली अशा तीन, आणि त्या तिन्ही ठिकाणी ती बाहेर पडायच्या वाटेने उलटी नेली तेव्हाच पोचली. ती वाट सपाट होती. फक्त त्या बाजूने घ्यायचं असं कोणी ठरवलेलं नव्हतं.

हे बघून मला राग येण्याऐवजी हुरूप आला. या तीन राइडना एक रुपया खर्च नाही, एक पाटी आणि एक सूचना पुरेल.

दुपारी १.००

रोलर कोस्टरच्या खाली नियमांची पाटी आहे. हृदयविकार असलेले, गरोदर स्त्रिया, मद्यपान केलेले आणि "अपंग व्यक्ती" यांना प्रवेश नाही. त्याखाली: दोन्ही हातांनी घट्ट धरता आले पाहिजे.

दादा पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले.

त्यांचा हात कसा गेला ते त्यांनी मला चार वर्षांपूर्वी सांगितलं होतं. आमच्याकडे येण्याआधी ते एका छोट्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर होते. प्रेसला पायाचं पेडल होतं, दोन हातांची बटणं नव्हती. दोन बटणं असली की स्ट्रोक सुरू करायला दोन्ही हात बाहेर, बटणांवरच ठेवावे लागतात, डायमध्ये हात राहूच शकत नाही. प्रकाशाच्या किरणांचा पडदा असता तरी हात आत जाताच प्रेस थांबली असती. दोन्ही नव्हतं. या पट्ट्यात असे हात खूप आहेत. भोसरी, तळवडे, चाकणच्या चहाच्या टपऱ्यांवर ग्लास कसा धरलाय ते बघा.

ज्या माणसाची बोटं दोन हातांची बटणं नसल्यामुळे गेली, त्याला आज पाटी सांगत होती, दोन हात दाखव. दादांनी कठड्याच्या नळीभोवती उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी आवळली आणि मला म्हणाले, "मॅडम, ओढून बघा." मी दोन्ही हातांनी ओढलं. हात सुटला नाही. याच हाताने ते दिवसभर गेज धरतात.

ऑपरेटर पंचविशीतला मुलगा, भला वाटला. तो म्हणाला, "काका, तुमचं दिसतंय मला, पण मी सोडलं आणि काही झालं तर माझी नोकरी जाईल." त्याचं चुकीचं नव्हतं. त्याच्या हातात फक्त पाटी होती. कोणाला घ्यायचं, कोणाला नाही, हे ठरवायचं मोजमाप त्याला कोणी दिलेलंच नव्हतं.

इथे मला माझं मत स्वच्छ मांडायचं आहे, कारण सुरक्षिततेचा प्रश्न खोटा नाही. मान सावरता येत नाही अशा मुलाला उलट्या फिरणाऱ्या राइडवर बसवा असं मी कधीच म्हणणार नाही. प्रेस शॉपजवळ बसून पगार घेणारी बाई ते म्हणूच शकत नाही. पण सुरक्षिततेचा नियम यंत्राच्या अभ्यासातून आला पाहिजे: या राइडवर शरीराला किती झटका बसतो, पट्टा कुठे अडकतो, हाताने धरणं खरंच लागतं की दांडाच माणसाला धरून ठेवतो. "अपंग व्यक्ती" हे दोन शब्द म्हणजे असा अभ्यास नाही. कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे. कर्णबधिर जोडप्याला रोलर कोस्टरवर काय धोका आहे? पाटीप्रमाणे तेही बाहेर.

आणि कायद्याचं कलम ३ हेच सांगतं. दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येत नाही. करायचाच असेल तर रास्त उद्देशासाठी उचललेलं ते प्रमाणशीर पाऊल होतं, हे दाखवून द्यावं लागतं.

हा वाद जगात इतरत्र न्यायालयात लढला गेला आहे. फ्लोरिडात ओरलँडोला युनिव्हर्सलच्या वॉटर पार्कमध्ये, जन्मतःच एक हात अपुरा असलेल्या माणसाला पाण्यावरच्या कोस्टरवर बसू दिलं नाही. कंपनीचं म्हणणं: राइड बनवणाऱ्याच्या सूचना पाळा असा राज्याचा कायदा आहे, आम्ही तेच केलं. जुलै २०२३ मध्ये तिथल्या संघराज्य अपील न्यायालयाने ते मान्य केलं नाही. राज्याचा कायदा आहे एवढं सांगून भागत नाही, अट सुरक्षिततेसाठी खरोखर आवश्यक आहे का ते दाखवा, असं म्हणून खटला खाली परत पाठवला. अमेरिकेचा दिव्यांगांसाठीचा कायदा १९९० चा आहे, आणि तिथल्या २०१० च्या मानकांनी नव्या राइडला माप घालून दिलं: व्हीलचेअरसाठी किमान एक जागा, किंवा खुर्चीवरून सरकून बसता येईल असं एक आसन, किंवा तसं बसवणारं उपकरण. तीनपैकी एक तरी हवंच.

दुपारी १.४५

कँटीनमध्ये पोहे आणि ताक. दादांनी स्वतःचा डबा आणला होता, अर्धी भाकरी मला दिली.

दुपारी २.१५

मॅनेजरांच्या खोलीत. माणूस सभ्य, बोलणं मोकळं. त्यांचा पहिला प्रश्न तोच होता जो मला सगळीकडे ऐकू येतो: "मॅडम, असे लोक येतात किती?"

मी यादी पुढे ठेवली. ४६० मध्ये सात. आणि सात माणसं एकटी येत नाहीत. मुलगी आली नाही तर आई येत नाही, आई नाही तर धाकटा येत नाही. त्या सात नावांमागे आमच्या यादीत सव्वीस तिकिटं आहेत. मॅनेजरांनी कॅल्क्युलेटर जवळ ओढला.

मग एकेक मागणी. एकूण नऊ होत्या. बाहेरच्या वाटेने तीन राइडना प्रवेश: लगेच मान्य. स्वच्छतागृहाची किल्ली दारापाशी, बादल्या बाहेर: मान्य. वाहनतळाची जागा रिकामी: मान्य. ऑटिझम असलेल्या मुलाला रांगेत उभं न करता वेळेची चिठ्ठी देणं, म्हणजे रांगेत जेवढा वेळ लागला असता तेवढ्या वेळाने थेट यायचं: यावर ते अडले. "बाकीचे लोक भांडतील."

मी त्यांना डिस्नेचं सांगितलं. तिथे ही पद्धत ऑक्टोबर २०१३ मध्ये आली. आधीच्या कार्डाचा गैरवापर होतो म्हणून ते बंद करून परत यायची वेळ देणं सुरू केलं. ऑटिझम असलेल्यांच्या कुटुंबांनी त्यावरही खटले भरले, की आमच्या मुलांना थांबणं हेच जमत नाही, त्यांना तेवढंच थांबवलंत तर सोय कसली? फ्लोरिडातल्या न्यायालयाने २०२० मध्ये निकाल डिस्नेच्या बाजूने दिला. २०२४ मध्ये कंपनीने ही सवलत आणखी आवळली आणि २०२५ मध्ये पुन्हा नवा खटला उभा राहिला. त्या कुटुंबांची बाजू मला पटते. पण आमच्यासाठी त्यातली मोठी गोष्ट वेगळी आहे. तिथे ज्या सोयीला अपुरी म्हणून लोक न्यायालयात गेले, ती सोय आमच्याकडे अजून मागायची आहे. मॅनेजर म्हणाले, कामाच्या दिवशी गर्दी कमी असते, तुमच्या मुलासाठी करून बघू. मी वहीत "मान्य, फक्त आमच्या दिवशी" असं लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं.

रॅम्प: बजेट नाही, वर कळवतो. खिडकी: वर कळवतो. पाटीवरचे शब्द बदलणं: वर कळवतो. प्रत्येक राइडसाठी कोणाला चालेल, कोणाला नाही, का नाही, हे उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे लेखी देणं: पुस्तिका हेड ऑफिसात आहे.

इथे दादा पहिल्यांदा बोलले. "साहेब, मशीन इथे आणि मॅन्युअल दुसरीकडे, असं आमच्या ऑडिटला चालत नाही." मॅनेजर गप्प झाले. मग म्हणाले, मागवून घेतो.

नवव्या मागणीवर आम्ही आलोच नाही, वेळ संपली. ती होती अधू दृष्टीच्या आजींसाठी: राइड सुरू होण्याआधी आता काय होणार ते कोणीतरी तोंडाने सांगावं. निघताना मी ती त्या ऑपरेटर मुलालाच सांगितली. तो म्हणाला, "एवढंच ना? सांगेन की."

दुपारी ३.५०

एक्स्प्रेस-वेवरून वकीलबाईंना फोन. मागच्या वर्षीच्या प्रकाराबद्दल मुलीच्या वडिलांच्या वतीने त्यांनी अर्ज तयार केला आहे. कुठे जायचं याचे रस्ते त्यांनी पुन्हा समजावले. पुण्यात चर्च पथावर दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, तिथे तक्रार करता येते, चौकशीसाठी आयुक्तांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. पण ते शेवटी करतात ती शिफारस. तीन महिन्यांत तिच्यावर काय केलं ते कळवावं लागतं, मान्य नसेल तर कारण द्यावं लागतं. पैसे घेऊन सेवा दिली नाही म्हणून ग्राहक आयोगाकडेही जाता येतं. कायदा मोडल्याबद्दल कलम ८९ खाली दंड आहे: पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत, नंतर पन्नास हजार ते पाच लाख.

मुलीच्या बापाला मात्र एकच निकाल ऐकायचा असतो, तो मी त्याला दोनदा सांगितला आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष २०१२ मध्ये कोलकात्याहून गोव्याला निघाल्या होत्या, त्यांना विमानातून उतरवलं गेलं. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमान कंपनीला दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली. "म्हणजे आपल्या पोरीसारखीच," तो म्हणतो.

वकीलबाईंनी मग राजीव रतुरी खटल्याचं सांगितलं. ८ नोव्हेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. कायदा म्हणतो सुगम्यता बंधनकारक आहे, पण २०१७ च्या नियमांतल्या नियम १५ ने ती मार्गदर्शक तत्त्वांवर सोपवली, आणि ती तत्त्वं नुसती शिफारशी ठरली. न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्राला तीन महिन्यांत सक्तीची किमान मापं वेगळी काढायला सांगितलं.

फोन स्पीकरवर होता. दादा म्हणाले, "म्हणजे ड्रॉइंगवर 'शक्य असल्यास बारा मिलिमीटर' असं लिहिलं होतं. असं ड्रॉइंग आलं तर कोणता पार्ट रिजेक्ट करणार?"

उर्से टोलनाक्यापासून चाकणपर्यंत मी याचाच विचार करत होते. आमच्या अख्ख्या पट्ट्याला हे एक वाक्य समजतं. इथे शिफारस म्हणून कोणी काही बनवत नाही. माप असतं, टॉलरन्स असतो, आणि दोन्ही खरेदीच्या ऑर्डरमध्ये लिहिलेलं असतं.

संध्याकाळी ५.४०

जनरल शिफ्ट सुटली होती, परचेसचे साहेब जायच्या तयारीत. मी त्यांना म्हटलं, सहलीची पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, काढायच्या आधी दहा मिनिटं द्या.

आमच्याकडे आठ आण्यांच्या वॉशरचीही पीओ निघते, त्यावर ड्रॉइंग नंबर, मटेरियल, तपासणीची अट, नाकारल्यास काय ते सगळं असतं. सहलीच्या पीओत दरवर्षी एकच ओळ: प्रवेश व जेवण, इतकी माणसं, दर इतका. मी म्हटलं, या वेळी अटी घालूया. ते म्हणाले, "सहलीला कसल्या अटी? नाराज होतील, दर वाढवतील." मी दादांचं मापांचं पान पुढे ठेवलं. ९.७ अंश बघून ते हसले नाहीत. त्यांची आई दोन वर्षांपासून वॉकर घेऊन चालते, हे मला माहीत होतं, पण ते मी काढलं नाही. त्यांनीच काढलं. मागच्या दिवाळीत आळंदीच्या एका कार्यालयात तिला चौघांनी खुर्चीसकट उचलून वर नेलं होतं. "तिने त्यानंतर कुठे यायचंच सोडलं," ते म्हणाले.

पीओत पाच अटी गेल्या. यादीतल्या दिव्यांग सदस्यांना तीन नमूद राइडवर सपाट वाटेने प्रवेश. स्वच्छतागृह सहलीच्या पूर्ण वेळ उघडं आणि रिकामं. रांगेऐवजी वेळेची चिठ्ठी. प्रत्येक राइडचे निकष, कारणासकट, सहलीच्या सात दिवस आधी लेखी. आणि प्रवेश नाकारला तर त्या सदस्याचं आणि त्याच्या कुटुंबाचं पूर्ण तिकीट परत, नकाराचं कारण सहीनिशी. सव्वासहाला मेल गेला.

रॅम्प पीओत घालता आला नाही. एका महिन्यात होण्यासारखा नाही, आणि खोटी अट घालायची नाही असं परचेसचे साहेब म्हणाले, ते बरोबर होतं. त्याऐवजी बस मागच्या सपाट फाटकापर्यंत आणायची परवानगी मागितली आहे. रॅम्पची तक्रार मापांसकट वकीलबाईंच्या अर्जात जाईल.

संध्याकाळी ७.२०

घरी येताना बसमधून मुलीच्या आईला फोन केला. ती दुसऱ्या कंपनीत कँटीनला आहे, याच वेळी सापडते. मी सगळं सांगितलं, कोणत्या तीन राइड, कुठून जायचं. ती ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "मॅडम, म्हणजे तिला बसता येईल ना, की परत नुसतं बघायलाच?"

मी म्हटलं, दोन राइडवर नक्की, तिथे बाकासारखं आसन आहे, कमरेला आणि छातीला पट्टा आहे, तुम्ही शेजारी बसायचं. तिसरीचं पुस्तिका आल्यावर सांगते. तिने फोन मुलीच्या कानाला लावला. पलीकडून टाळ्या ऐकू आल्या.

जानेवारी २०२५ मध्ये आपल्या महापालिकेने चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये 'पर्पल जल्लोष' भरवला होता, गोव्यात असा महोत्सव २०२३ पासून होतो. ही मुलगी तिथे गेली होती आणि आजही त्याबद्दल बोलते. तो तिच्यासारख्यांसाठी मुद्दाम भरवलेला उत्सव होता, आणि तो हवाच. सहल मात्र तिच्या भावाचीही आहे, शेजारच्या लाइनवरच्या काकांच्या मुलांचीही आहे. तिला त्यांच्याबरोबर जायचं आहे.

रात्री ९.००

चाकण, तळेगाव, रांजणगाव, भोसरी इथल्या कल्याण अधिकाऱ्यांना आणि सहल समित्यांना माझी एक विनंती आहे. डिसेंबर-जानेवारीत या पट्ट्यातल्या कंपन्यांच्या बसच्या बस या उद्यानांकडे जातात. तिथले दर आपण घासाघीस करून ठरवतो, जेवणात गोड काय असावं तेही लिहून घेतो. यंदा बुकिंगच्या आधी प्रथमोपचार खोलीतली व्हीलचेअर जीपमध्ये टाका, क्यूसीतला एक माणूस आणि एक मोजपट्टी बरोबर घ्या, आणि जे मोजाल ते पीओत लिहा. आमच्या पाच अटींचा मजकूर मी तयार ठेवला आहे, कोणीही मागावा. उद्यानाचं उत्तर शुक्रवारपर्यंत यायचं आहे. पाचही अटी मान्य असल्याची सही आल्याशिवाय आगाऊ रक्कम जाणार नाही, असं परचेसने मेलमध्ये शेवटच्या ओळीत लिहिलं आहे.